विस्तवातून आत जाणारी विळी

माझ्याजवळ धार लावायचा कुरुंदाचा एक दगड आहे. वीतभर लांब, मधे झिजून होडीसारखा खोलगट झालेला. माझ्या वडिलांचा. घरात आता प्लास्टिकच्या मुठीच्या सुऱ्या येतात आणि बोथट झाल्या की कचऱ्यात जातात. घरातले विचारतात, त्या दगडाचं काय करायचं? मी काही सांगत नाही. मला बोलायची सवय पहिल्यापासून कमी. म्हणून दुपारी घर रिकामं असलं की हे लिहिते. कोणाला दाखवायचं नाही. त्या उन्हाळ्यात जे झालं ते माझ्या तोंडून कधी निघालं नाही, आणि इतकी वर्षं आत राहून ते गंजलंही नाही.

वडिलांचा हात धारेला बसला तो ज्या कामानं, ते काम आमच्या लोकांनी छप्पन्न सालानंतर सोडून दिलं. मेलेली ढोरं ओढायची, कातडी काढायची, हे गावानं आमच्या माथी मारलेलं काम. मी तेव्हा लहान होते. आई सांगायची, दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीतल्या माणसांनी त्या सुऱ्या नदीच्या डोहात टाकल्या. वडिलांनीही टाकल्या. दगड तेवढा ठेवला. आई म्हणाली, "ह्यो बी टाका की." वडील म्हणाले, "दगडानं काय केलंय? दगड तर दगडच हाय."

मग त्याच दगडावर ते मजुरांचे विळे आणि खुरपी पाजवून द्यायचे. माझी चौथी झाली. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला, म्हणून माझी शाळा सुटली. तेव्हापासून मी त्यांच्याजवळ बसू लागले. ते फार समजावून सांगत नसत. माझा हात धरून तो दगडावर फिरवायचे. दगड आधी पाणी पिऊ द्यायचा. पात्याची धार दगडाला टेकवायची आणि मागची बाजू उचलायची, खाली गव्हाचा एक दाणा मावेल एवढीच. जास्त उचलली तर धार जाड होते, कमी उचलली तर पातं नुसतं चकाकतं. मुठीपासून टोकापर्यंत एका दमात ओढायचं. एक बाजू झाली की दुसऱ्या बाजूला लोखंडाची बारीक कड उलटते, बोटाला खरखर लागते. वडील तिला कुसळ म्हणायचे. "कुसळ ऱ्हायलं की धार दोन दिसात मरती," असं म्हणून जुन्या चपलेच्या तळावर पातं उलटंसुलटं फिरवून ते कुसळ काढायचे. शेवटी अंगठ्याच्या नखावर पातं टेकवायचं. धरलं तर धार आहे. घसरलं तर पुन्हा बस.

लग्न होऊन मी आष्टीच्या बाजूच्या एका गावात आले. वडील वारले तेव्हा आईनं दगड माझ्याकडे दिला. बहात्तरचा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती. विहिरींना पाणी होतं आणि मालकांच्या मळ्यात गहू चांगला आला होता. मी आणि माझी सासू तिथं सोंगणीला जायचो. भाकरी खाऊन झाली की बायका बाभळीखाली लवंडायच्या आणि मी दगड काढून बसायचे. एकेकीचा विळा माझ्यापुढं यायचा.

"हिनं पाजवलेला इळा जपून धरा गं बायांनो," एक म्हातारी म्हणायची, "न्हाईतर नवऱ्याच्या मिशीला लागंल."

"त्याला मिशीच न्हाई तर काय कापायचंय?" दुसरी म्हणायची, आणि सगळ्या हसायच्या. मी खाली मान घालून दगडावर पाणी शिंपडायचे. मला हसता येत नव्हतं असं नाही. ते दिवस मला चांगले वाटायचे.

एके दिवशी मालकीणबाई मळ्यात आल्या. आमच्या पेंढ्या मोजणीच्या आधीच रचून झालेल्या पाहून म्हणाल्या, "आज लई जल्दी उरकलं गं?"

सासूला राहवलं नाही. "आमच्या सुनंनं इळे पाजवलेत, मालकीणबाई. धार म्हंजे धार हाय."

"हिला कुठून आलं हे?"

"बापाकडून."

मालकीणबाई माझ्याकडे बघून थोडं हसल्या. "अगं बाई. मंग बराबर हाय." त्यांच्या हसण्याचा अर्थ तिथल्या सगळ्या बायकांना कळला. मलाही कळला. त्यांच्या डोळ्यांपुढं माझे वडील मेलेल्या बैलाजवळ बसलेले होते.

पण पुढं त्या जे बोलल्या, त्यानं मी ते हसणं गिळलं. त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. विळ्या, सुऱ्यांना धार लावायला दरवर्षी घिसाडी यायचा, तो अजून आला नव्हता. त्या म्हणाल्या, "घरच्या विळ्या, सुऱ्या, अडकित्ता, सगळं करून दे. काम बराबर झालं तर मालकांला सांगून तुला मळ्यात ठिवते. उन्हाळाभर भाजी काढायची, आष्टीच्या बाजाराला जुड्या बांधायच्या."

हे मळ्यातलं काम माझ्यासाठी काय होतं ते सांगायला पाहिजे. सोंगणी संपली की गावात काम नसायचं. आमचे हे आधीच जालन्याकडं खडीच्या खाणीवर गेले होते आणि त्यांचा निरोप आला होता की लग्नसराई सरली की तुम्हीपण या. खाणीवर गेलं की पुढच्या सुगीपर्यंत परत येणं नाही. आणि जूनमध्ये माझ्या पोरीला शाळेत घालायचं होतं. गुरुजींनी तिचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून पाहिला होता. पुरला होता, म्हणजे शाळेचं वय झालं होतं. मळ्यातलं काम मिळालं तर मी आणि पोरगी गावात राहणार, ती शाळेत बसणार. नाही मिळालं तर ती खडीच्या ढिगाजवळ बसणार. इतकं साधं होतं.

सोंगणी उरकल्यावर मी दगड घेऊन मालकांच्या घरी गेले. परसदारी मोरीच्या पलीकडं लिंबाचं झाड होतं, तिथं मला बसायला सांगितलं. मालकिणीच्या धाकट्या सुनेनं एकेक वस्तू आणून माझ्यापुढं जमिनीवर टाकली. माझ्याच वयाची होती. दगडावर घालायला पाणी मागितलं तर तिनं तांब्यानं वरून ओतलं. काम झाल्यावर मी सगळं तिथंच जमिनीवर ठेवून बाजूला सरले. तिनं त्यावर पाणी शिंपडलं आणि उचलून नेलं. त्याचं मला काही वाटलं नाही. वाटून घ्यायचं म्हटलं तर दिवसभर तेवढंच करावं लागलं असतं.

मी सकाळपासून ऊन उतरेपर्यंत बसले होते. इतकं मन लावून मी आधी कधी धार लावली नव्हती. तीन विळ्या होत्या, पाटात बसवलेल्या, जुन्या, चांगल्या लोखंडाच्या. त्यांची पाती नखावर अशी धरत होती की नख सोडवून घ्यावं लागत होतं. घरी येऊन सासूला म्हटलं, "मामी, काम मिळतंय बघा." सासूनं त्या दिवशी पोरीला जवळ घेऊन सांगितलं, "तू आता साळंत जायची, बरं का. तुझ्या आईनं धार लावली."

दुसऱ्या दिवशी दुपारीच बोलावणं आलं.

परसदारात मालकीणबाई उभ्या होत्या. मागं ओसरीवर पाच-सहा बायका भाजी निवडत बसल्या होत्या.

"काय गं, ही धार लावली का? वांगं चिरतंय का चेंदतंय? कांदा तर नुसता दबून राह्यला."

मी विळी जवळ ओढली आणि नखावर टेकवली. घसरली. सगळ्या घसरल्या. मी पुन्हा दगड काढला आणि पुन्हा सगळ्यांना धार लावली. कुसळ काढलं. नखावर धरल्या तेव्हाच उठले.

घरी येऊन मी माझा स्वतःचा विळा पाजवून पाहिला. हात गेला की काय असं वाटत होतं. विळा ठीक होता. सासू म्हणाली, "नजर लागली तुझ्या हाताला. मिशीचं बोलली ना, त्या म्हातारीची." तिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. दीक्षेनंतर आम्ही ते सगळं सोडलं होतं, पण सासूचा हात अजून मिठाच्या गाडग्याकडं जायचा.

त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा बोलावणं. ह्या वेळी मी धार लावायला घाई केली नाही. विळी उलटीसुलटी करून पाहिली. पातं जिथं पाटात शिरतं तिथं लाकूड कोळशासारखं काळं पडलं होतं. पात्यावर निळसर-काळे डाग होते, जसे तव्याच्या पाठीवर पडतात. दगडावर ओढलं तर लोखंड शिशासारखं मऊ लागलं. कुसळ काढावं तर सगळी धारच वळायची.

मग मला कळलं. वडिलांनी एकदा सांगितलं होतं. लोहार लोखंड लाल करून पाण्यात बुडवतो, तेव्हा ते कडक होतं. त्याला पाणी देणं म्हणतात. ते पाणी म्हणजेच धार. तेच लोखंड पुन्हा निखाऱ्यात लाल केलं आणि राखेत हळूहळू निवू दिलं, तर पाणी उतरतं. मग कितीही घासा, धार येते पण राहत नाही.

धाकटी सून तांब्या घेऊन उभी होती. मी खाली बघत विचारलं, "वैनीबाई, ही विळी इस्तवात पडल्ती का?"

"पडली कशाला?" ती सहज म्हणाली. "तुझ्याकडून आल्यावर आत्याबाई चुलीत घालायला लावतात. लाल झाली की मंगच आत घ्यायची. लोखंड इस्तवानं शुद्ध होतं ना." तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. रांगोळी कशी काढतात ते सांगावं तसं तिनं सांगितलं.

म्हणजे मी लावलेली प्रत्येक धार आधी चुलीत जात होती. सोंगणीच्या वेळी त्यांचे सगळे दाणे माझ्या हाताखालून गेले होते. तो गहू मी कापला, मी पेंढ्या बांधल्या, खळ्यावर मी उफणला. तो कोणी भाजून शुद्ध केला नाही. त्याच्याच पुरणपोळ्या लग्नात होणार होत्या. घिसाडी पालं टाकून गावाबाहेर राहायचा, त्याचा हात लागलेल्या विळ्या नुसत्या पाण्यानं धुऊन आत जायच्या. विस्तव फक्त माझ्या हाताला होता.

त्या दिवशी मी बोलले. पोरीची शाळा डोळ्यांपुढं होती म्हणून बोलले, नाहीतर मी बोलणारी नव्हे. मालकीणबाई बाहेर आल्या तेव्हा मी उभी राहिले आणि पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हटलं, "मालकीणबाई, पातं इस्तवात घातलं की त्याचं पाणी उतरतं. मंग धार ऱ्हात न्हाई. तेवढं चुलीत घालू नका. मी पुन्यांदा करून देते."

ओसरीवरच्या बायका भाजी निवडायच्या थांबल्या.

"मंग?" मालकीणबाई म्हणाल्या. "तसंच आत घ्यायचं का? उद्या देवाच्या निवदाची भाजी चिरायची त्याच्यावर."

"नाचता येईना अंगण वाकडं," ओसरीवरची एक म्हणाली.

"तसं न्हाई गं," मालकीणबाई तिला म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. हसत होत्या, तेच मळ्यातलं हसणं. "हिच्या बापाला ढोराच्या कातड्यापुरती धार यायची. वांग्याची धार येगळी."

सगळ्या हसल्या. मी दगड पदरात घेतला आणि घरी आले. घरी येऊन सासूला सांगितलं, तर तिनं कपाळाला हात लावला. "तू कशाला बोलली गं? मी असती तर म्हणली असती, उद्या पुन्हा येते. रोज गेली असती, रोज धार लावली असती. लग्न होईस्तवर निभलं असतं." तिचं खरं होतं. रोज एकदा धार लावायची, रोज त्यांनी ती जाळायची, आणि मळ्यातलं काम मिळवायचं. मला ते सुचलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी ओढ्यावर धुणं धूत होते. धाकटी सून तिथं आली. एकटीच. पदराखालून तिनं एक लहान सुरी काढली आणि माझ्यापुढच्या खडकावर ठेवली.

"ही माझी हाय. माहेरची. हिला करून दे ना गं धार. घरातलं एक पातं चालंना, आत्याबाई माझ्यावरच डाफरून राह्यल्या."

मी तिच्याकडे पाहिलं. तिला माझ्या मनातलं कळलं असावं.

"मी न्हाई घालत इस्तवात. बिलकुल न्हाई," ती म्हणाली. "मी नुसती पाण्यानं धुते."

हे तिनं माझ्यावर उपकार करावे तसं सांगितलं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते क्षणभर उपकारासारखंच वाटलं. त्याचा राग मला आजही तिच्यापेक्षा जास्त स्वतःवर येतो. मी घरून दगड आणला आणि सुरीला धार लावली. टोकाजवळ लोखंडात एक बारीक खाच होती, ती घासून घासून जवळजवळ काढली, केसाएवढी राहिली. सुरी खडकावर ठेवली. तिनं ओढ्यात बुडवली, पदराला पुसली आणि गेली.

लग्न झालं. आमच्या वस्तीला जेवण गावाच्या नंतर, पडवीच्या बाहेर मिळालं. मी गेले नाही. सासू पोरीला घेऊन गेली.

नंतर चारेक दिवसांनी मी मालकांच्या परसदारी गेले. सासूनं पाठवलं. म्हणाली, एकदा विचारून बघ, नुसती उभी ऱ्हा, काही बोलू नको. ओसरीवर लोणच्यासाठी कैऱ्या आणि लिंबं चिरायचं चाललं होतं. मोठ्या विळ्या बाजूला पडल्या होत्या. मालकीणबाईंच्या हातात ती लहान सुरी होती. लिंबाच्या फोडी अशा पडत होत्या की रस सांडत नव्हता.

मला बघून त्यांनी सुरी उचलून दाखवली. "ये, ये. बघ. ह्याला म्हणतात धार. सुनंच्या माहेरचा शिकलगार हाय, त्यानं लावली. घे बघून, शिकशील काहीतरी."

मी एक पाऊल पुढं गेले असेन.

"हात नको लावू," त्या म्हणाल्या. "लांबूनच बघ."

मी लांबून पाहिलं. टोकाजवळची केसाएवढी खाच मला तिथूनही दिसली. धाकटी सून बाजूला मीठ कालवत बसली होती. तिनं एकदा वर पाहिलं. तिचे डोळे भ्यालेले होते. मी काही बोलले असते तर तिनं चोरून सुरी नेली, चोरून माझ्याकडून धार लावून घेतली आणि जाळल्याशिवाय देवाच्या घरात आणली, एवढं सगळं बाहेर पडलं असतं. तिला मार बसला असता. आणि ती सुरी चुलीत गेली असती. तिनं बोलायला पाहिजे होतं. ती मीठ कालवत राहिली.

"मळ्यातल्या कामाचं..." मी म्हटलं.

"तिथं दुसरीला ठिवलं," मालकीणबाई म्हणाल्या आणि पुढचं लिंबू घेतलं.

आम्ही त्याच आठवड्यात खाणीवर गेलो. दगड मी गोधडीत गुंडाळला आणि पोरीला त्या बोचक्यावर बसवलं. ती विचारत होती, साळंला हाच रस्ता हाय का? सासू तिला म्हणाली, गप बस.

खाणीवर लोहाराची भट्टी होती. छिन्नी बोथट झाली की तो ती लाल करायचा आणि पाण्यात बुडवायचा. चर्र असा आवाज यायचा. पोरगी दिवसभर त्या भट्टीजवळ बसून बघायची. आम्ही तिथं वर्षामागून वर्षं काढली. मधे गावाकडं सुगीला आलो तेव्हा कळलं, घिसाडी आला होता आणि त्यानं मालकिणीला सांगितलं होतं की ह्या पात्यांचं पाणी उतरलंय, ही आता कामाची नाहीत. त्यांनी नवीन पाती घालून घेतली. आणि सगळ्या गावाला सांगितलं की त्यांच्या सासऱ्याच्या वेळच्या विळ्या मी मारून टाकल्या. त्यानंतर सोंगणीला बायका माझ्याकडे विळे द्यायच्या, पण आधी एकमेकींकडं बघून घ्यायच्या.

पोरीला शेवटी शाळेत घातलं तेव्हा ती पहिलीतल्या मुलांपेक्षा हातभर उंच होती. मागं बसवायचे. पोरं चिडवायची. घरी येऊन ती कधी रडली नाही, माझ्यासारखी गप्पच राहायची. चौथी झाली आणि ती म्हणाली, आता बास. मग लग्न होऊन जाईपर्यंत ती माझ्याजवळ दगडापाशी बसायची.

चौथी शिकली. माझ्याएवढीच. धार मात्र माझ्यापेक्षा चांगली लावते.